हात, सुरी आणि प्रतिध्वनी

शरीरावर उठणाऱ्या लहानमोठ्या उंचवट्यांना मराठी भाषेने जितकी नावे दिली आहेत, तितकी दुसऱ्या एखाद्या विकाराला क्वचितच दिली असतील. केसाच्या मुळाशी उठते ते केस्तूड. ठणकते आणि पिकते ते गळू अथवा करट. वर्षानुवर्षे न दुखता मानेवर किंवा पाठीवर ठाण मांडून बसते ते आवाळू. पायाला जखम झाली असता जांघेत येते ते अवधाण. गळ्याभोवती माळेसारखी पसरते ती गंडमाळ. आणि जिचे नाव निश्चित करता येत नाही ती नुसती गाठ. या नावांकडे बारकाईने पाहिले म्हणजे असे ध्यानात येते की, ती केवळ नावे नव्हेत, ती लोकांनी केलेली निदाने आहेत. अपवाद फक्त शेवटच्या शब्दाचा. त्यात निदान नाही, आणि म्हणूनच त्यात भय आहे.

गाठ हाताला लागते, परंतु तिच्या आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. पाणी, पू, रक्त, चरबी, की वाढत चाललेले मांस? हा एकच प्रश्न रुग्णाच्या मनात असतो आणि वैद्याच्याही. सुरी न लावता या प्रश्नाचे उत्तर देण्याची विद्या माणसाने कशी संपादन केली, आणि ती हाती आल्यावर तिने कोणते नवे पेच निर्माण केले, याचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपल्या देशात हा प्रश्न फार प्राचीन काळी आणि फार नेमकेपणाने विचारला गेला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांच्यासाठीच राखून ठेवलेला आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा अध्याय सूत्रस्थानातील सतरावा होय. ‘आमपक्वैषणीय’ असे त्याचे नाव. सूज कच्ची आहे, पिकत आहे, की पूर्ण पिकली आहे, हे कसे ओळखावे याचा विचार त्यात केला आहे. पिकलेल्या सुजेचे एक टोक दाबले असता आतला पू, पिशवीतील पाणी सरकावे तसा, दुसऱ्या टोकाकडे सरकतो, ही खूण तेथे दिलेली आहे. आणि आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दोन बोटांनी गाठ तपासताना हीच खूण शिकविली जाते. ग्रंथकार येथेच थांबत नाही. सूज खोल असली म्हणजे पिकल्याची लक्षणे वर उमटत नाहीत आणि वैद्याला भ्रम होतो, हेही तो स्वच्छपणे नमूद करतो. त्यानंतर अज्ञानाने कच्ची सूज कापणारा एक आणि पिकलेल्या सुजेची उपेक्षा करणारा दुसरा, असे दोन वैद्य तो शेजारी शेजारी उभे करतो आणि दोघांनाही सारखेच निंद्य ठरवितो.

या दोन दोषांची जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. उतावळेपणाने कापणे हा एक, आणि कापावयास हवे तेथे स्वस्थ बसणे हा दुसरा. त्यानंतरच्या शतकानुशतकांत वैद्यकाने जी जी साधने मिळविली, त्यांचे मोल याच दोन दोषांच्या तराजूत करावयाचे आहे.

हाताची विद्या पुष्कळ पुढे गेली, यात शंका नाही. गाठ कातडीबरोबर हलते की खालच्या स्नायूला चिकटलेली आहे, तिची कड गुळगुळीत की ओबडधोबड, गिळताना ती वर सरकते की जागच्या जागी राहते, अशा कितीतरी गोष्टी सरावलेली बोटे सांगू शकतात. अंधाऱ्या खोलीत दिव्याचा झोत एका बाजूने टाकला असता अंडवृद्धीतील पाणी लालसर उजळून निघते, ही युक्तीही जुनीच. परंतु बोटांना आणि दिव्याला मर्यादा आहेत. गच्च भरलेली पाण्याची पिशवी हाताला घट्ट मांसासारखीच लागते. उलट, चरबीची मऊ गाठ पाण्यासारखी डुलते आणि फसविते. अशा वेळी निर्णय सुरीकडेच सोपवावा लागे. गाठ पाण्याची निघाली तर रुग्णाचा जीव भांड्यात पडे. परंतु वार झालेला असे तो झालेलाच असे.

स्तनातील गाठीच्या बाबतीत तर ही अनिश्चितता फार क्रूर होती. विसाव्या शतकात, १९७० नंतरच्या काही वर्षांपर्यंत, अमेरिकेत आणि इतरत्रही एक पद्धत सर्रास रूढ होती. स्त्रीला भूल देत, गाठीचा तुकडा काढून तेथल्या तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, आणि कर्करोग ठरला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन काढून टाकीत. शुद्धीवर आल्यावर आपल्या छातीवर लहानशी पट्टी असेल की मोठी, हे त्या स्त्रीला भूल घेताना ठाऊक नसे. गाठीच्या आत काय आहे, हा प्रश्न तिच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला तेव्हा माणसाच्या शरीराचे अंतरंग आता उघडले असे सर्वांना वाटले. हाडे उघडली, ही गोष्ट खरी. परंतु पाणी आणि मांस यांतून क्ष-किरण जवळजवळ सारखेच पार होतात; त्यामुळे पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांची सावली साध्या चित्रात सारखीच पडते. प्रकाशाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, ते शेवटी ध्वनीने दिले.

ध्वनीने आतला द्रव ओळखण्याची कल्पना वैद्यकाला परकी नव्हती. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील एका खाणावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर पुढे व्हिएन्नात वैद्य झाला. १७६१ साली त्याने एक लहानसे पुस्तक लिहून रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचले आहे की काय हे ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. पिंप ठोकून त्यात दारू किती उरली आहे हे जाणण्याचा प्रकार खाणावळीत नित्याचाच असतो. समकालीनांनी त्या पुस्तकाची फारशी दखल घेतली नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कोठे ती रीत रूढ झाली. परंतु ठोकून निघणारा हा ध्वनी ढोबळ असतो. चिंचोक्याएवढ्या गाठीचे त्याला काय कळणार? लहान वस्तूवर आदळून परत यावयाचे तर ध्वनीची लहर त्या वस्तूहून पुष्कळच लहान असावी लागते, आणि तितकी लहान लहर असलेला ध्वनी माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. त्यालाच श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

असा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली १८८० साली पॅरिसमध्ये सापडली. झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंना असे आढळले की, क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युत् प्रकट होते. याच्या उलट, विद्युत् दिली असता तो स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, हेही लवकरच सिद्ध झाले. म्हणजे एकच स्फटिक तोंडही होऊ शकतो आणि कानही. ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षे प्रयोगशाळेत पडून राहिली. तिला बाहेर आणले ते दोन संकटांनी. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले आणि पाण्यातील अडथळा प्रतिध्वनीने शोधण्याच्या योजनांना जोर आला. पाठोपाठ पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन पाणबुड्यांनी दोस्तांची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला. तेव्हा पिएर क्यूरीचाच शिष्य पॉल लांजव्हाँ याने क्वार्ट्झच्या साह्याने पाण्यात श्राव्यातीत लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याचे यंत्र सिद्ध केले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही विद्या समुद्रातून कारखान्यात आली. सोव्हिएत रशियात सोकोलोव्हने १९२८ च्या सुमारास असे सुचविले की, धातूच्या ओतकामात दडलेली भेग या लहरींनी शोधता येईल. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील फायरस्टोन याने प्रतिध्वनीवर चालणाऱ्या अशा यंत्राचे एकस्व १९४२ साली मिळविले. या लहरींच्या शास्त्रात आपल्या देशाचाही मोलाचा वाटा आहे. द्रवातून जाणाऱ्या श्राव्यातीत लहरींमुळे प्रकाशाचे किरण कसे विखुरतात, याची उपपत्ती चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध केली, आणि ती आजही त्या दोघांच्या नावानेच ओळखली जाते. सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आपल्या वाचकांना येथे हेही आठवावयास हरकत नाही की, हेच रामन १९०७ पासून दहा वर्षे कलकत्त्याच्या आणि इतर ठिकाणच्या हिशेब खात्यात अधिकारी होते, आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर ते आपले संशोधन करीत.

वैद्यकाने या साधनाला प्रथम हात घातला तो मात्र चुकीच्या जागी. व्हिएन्नाचे मज्जारोगतज्ज्ञ कार्ल डुसिक यांनी मेंदूतील अर्बुद शोधण्यासाठी डोक्याच्या एका बाजूने लहरी सोडून दुसऱ्या बाजूला टिपण्याचा प्रयत्न केला आणि १९४२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या चित्रांत मेंदूतील पोकळ्या दिसतात असे त्यांना वाटले. पुढे दहा वर्षांनी असे सिद्ध झाले की, ती चित्रे मेंदूची नव्हती. कवटीच्या हाडाने लहरी जशा अडविल्या, तसे ते ठसे उमटले होते. हाड हा ध्वनीचा शत्रू आहे, आणि हवाही तशीच. ध्वनीला मोकळी वाट मिळते ती पाण्यात आणि पाण्यासारख्या मऊ मांसात. कातडीखालील मऊ भागात, हाताला लागणाऱ्या गाठीतच, या साधनाची खरी जागा होती. परंतु हे ध्यानात यावयास आणखी एक युद्ध आणि एक अपघाती योग लागला.

तो योग आणणाऱ्या गृहस्थाचे नाव जॉन ज्युलियन वाइल्ड. हे इंग्लंडमध्ये १९१४ साली जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले शस्त्रवैद्य. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असता, आतडी फुगून अडलेले अनेक रुग्ण त्यांच्या हाताखालून गेले. आतड्याची भिंत किती जाड झाली आहे हे बाहेरून मोजता आले तर कोणाला चिरावे आणि कोणाला चिरू नये याचा निर्णय करता येईल, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. युद्धानंतर ते अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गेले. तेथील नौदलाच्या विमानतळावर वैमानिकांना रडारचे शिक्षण देण्यासाठी एक उपकरण होते. त्यातून सेकंदाला दीड कोटी कंपनांच्या लहरी पाण्याच्या टाकीत सोडीत आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून प्रदेशाचा लहान नकाशा पडद्यावर उमटे. वाइल्ड यांनी डोनाल्ड नील या तंत्रज्ञाच्या साह्याने त्या लहरींपुढे आतड्याचे तुकडे धरले. भिंतीची जाडी तर मोजता आलीच. परंतु कर्करोगाने ग्रासलेल्या जठराचा तुकडा समोर आला तेव्हा निरोगी भागातून आणि रोगट भागातून येणारे प्रतिध्वनी निराळे आहेत असे त्यांना आढळले. जाडी मोजावयास निघालेल्या माणसाच्या हाती मांसाचा पोत ओळखण्याचे साधन लागले.

दीड कोटी कंपनांच्या या लहरींचे गणित समजून घेण्यासारखे आहे. शरीरातील मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. या हिशेबाने त्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी येते. म्हणून तिला बारीकसारीक भेद दिसतात. परंतु कंपने जितकी जास्त, तितकी ती लहर मांसात लवकर विरते आणि दोन-चार सेंटिमीटरांपलीकडे तिची मजल जात नाही. पोटातील खोल अवयवांसाठी ती निरुपयोगी. कातडीखालच्या गाठीसाठी मात्र अगदी योग्य. या यंत्राला आधी वरवरच्या गाठीच दिसल्या, याचे कारण हे असे भौतिक आहे.

१९५१ साली वाइल्ड आणि नील यांचा लेख ‘लान्सेट’मध्ये आला. नंतर जॉन रीड हा तरुण अभियंता वाइल्ड यांना येऊन मिळाला. दोघांनी मिळून हातात धरून स्तनावर फिरविता येईल असे यंत्र बनविले. पाण्याने भरलेल्या नळीत स्फटिक, आणि नळीच्या तोंडाशी रबराचा पातळ पडदा. १९५२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत मांडली आणि पुढील काही वर्षांत शंभराहून अधिक स्त्रियांच्या स्तनातील गाठी तपासून त्यांची शस्त्रक्रियेनंतरच्या निदानाशी तुलना केली. त्यांच्या मोजणीत कर्करोगाची गाठ शेजारच्या निरोगी भागाहून अधिक प्रतिध्वनी देई. पुढे हजारो गाठी पाहिल्यावर चित्र याहून गुंतागुंतीचे निघाले. परंतु जिवंत माणसाच्या गाठीला सुरी न लावता तिच्या अंतरंगाविषयी प्रश्न विचारता येतो आणि तिच्याकडून उत्तर येते, ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली होती. त्या काळी पुष्कळांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९९१ साली जपान प्राइझ देऊन जगाने वाइल्ड यांचा गौरव केला, तेव्हा ते सत्त्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

हाच प्रश्न त्याच दशकात स्कॉटलंडमध्येही विचारला जात होता. ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून १९५४ साली आलेले इयन डोनाल्ड युद्धकाळात हवाई दलात होते आणि रडारची ओळख त्यांना तेथेच झाली होती. एका परिचयाच्या आधारे, रेनफ्र्यू गावी बॉयलर बनविणाऱ्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीच्या कारखान्यात जाण्याची त्यांना संधी मिळाली. तेथे पोलादातील भेगा शोधण्याचे श्राव्यातीत यंत्र होते. २१ जुलै १९५५ रोजी शस्त्रक्रियेत काढलेली अर्बुदे आणि पाण्याच्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत भरून डोनाल्ड तेथे गेले. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. पाण्याच्या गाठीतून लहर सरळ पलीकडे जाई आणि फक्त पलीकडच्या भिंतीवरून परत येई. भरीव गाठीतून मात्र वाटेवरच अनेक प्रतिध्वनी येत आणि लहर हळूहळू विरे. बोटांना आणि दिव्याला जो भेद शंभर टक्के कधीच साधला नव्हता, तो तेथे पडद्यावर रेघांच्या रूपाने उभा होता.

टॉम ब्राउन हा अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे वैद्य यांच्या साह्याने डोनाल्ड यांनी हे यंत्र रुग्णालयात आणले. सुरुवातीस सहकाऱ्यांनी टिंगल केली. ती थांबली एका स्त्रीमुळे. तिचे पोट प्रचंड फुगले होते आणि जठराचा असाध्य कर्करोग असे निदान होऊन तिची आशा सोडण्यात आली होती. यंत्रावर मात्र ती फुगवटी म्हणजे एक अवाढव्य पाण्याची पिशवी दिसली. शस्त्रक्रियेत अंडाशयाची गाठ निघाली, ती काढून टाकली आणि ती स्त्री बरी झाली. ही गाठ पोटातली, वरवरची नव्हे; परंतु प्रश्न तोच होता. सुश्रुताने सांगितलेला दुसरा दोष, म्हणजे कापावयास हवे तेथे उपेक्षा, येथे ऐन वेळी टळला. ७ जून १९५८ च्या ‘लान्सेट’मध्ये या तिघांचा लेख प्रसिद्ध झाला आणि या विद्येला वैद्यकात कायमचे स्थान मिळाले.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे यंत्र सुधारण्यात गेली. डेन्व्हर येथील डग्लस हाउरी यांनी रुग्णाला पाण्याच्या हौदात बसवून चित्रे काढली. त्यांपैकी एक हौद बी-२९ या बाँबफेकी विमानाच्या तोफघुमटापासून केलेला होता. टोकियोत जुन्तेन्दो विद्यापीठातील तोशिओ वागाई आणि त्यांचे सहकारी यांनी स्तनाच्या गाठींवर काम केले. योशिहिदे फुजिमोतो यांनी १९६७ साली थायरॉईडच्या गाठींचे प्रतिध्वनी वर्गवार मांडून दाखविले. जर्मनीत सीमेन्स कंपनीच्या ‘व्हिडोसन’ यंत्राने १९६५ मध्ये हलते चित्र दाखविले. आणि सिडनी येथील जॉर्ज कोसॉफ यांच्या गटाने १९७० च्या सुमारास निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी करड्या रंगाच्या अनेक छटा आणल्या. या छटांमुळे गाठीच्या फक्त कडा दिसत होत्या, त्याऐवजी तिचे अंतरंग दिसू लागले. हौद गेला, पाण्याची पिशवी गेली, आणि कातडी व प्रोब यांच्यामधली हवा घालविण्यासाठी थोडेसे थंडगार जेल तेवढे उरले.

आज कातडीखालची गाठ तपासणारा वैद्य पडद्यावर काय पाहतो, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. स्वच्छ पाण्याची गाठ काळीभोर दिसते, कारण तिच्यात प्रतिध्वनी देणारे काहीच नसते. आणि तिच्या मागील भाग अधिक उजळ दिसतो, कारण वाटेत लहर खर्ची पडलेली नसते. चरबीची गाठ बहुधा कातडीला समांतर, चपटी, आणि आत बारीक रेषा असलेली. पुवाने भरलेल्या गाठीत गढूळपणा असतो आणि दाबल्यावर तो हलतो. सुश्रुताची खूण येथे डोळ्यांनी दिसते. भरीव गाठीच्या बाबतीत कडा, आकार आणि दिशा पाहतात. १९९५ साली स्टाव्हरोस आणि सहकाऱ्यांनी स्तनातील ७५० भरीव गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेड्यावाकड्या कडांची, शेजारच्या थरांना भेदून रुंदीपेक्षा उंचीत वाढणारी गाठ संशयास्पद, आणि गुळगुळीत कडांची आडवी गाठ बहुधा सौम्य, अशा अनेक खुणा त्यात नीट जुळवून मांडल्या होत्या. डॉप्लर तंत्राने गाठीतील रक्तप्रवाह दिसतो. १९९१ मध्ये ऑफिर यांनी मांडलेल्या तंत्राने तर गाठ किती कठीण आहे हेही चित्रात उतरविता येऊ लागले. म्हणजे बोटांचा जुना प्रश्न यंत्रानेही विचारावयास सुरुवात केली. तरीही संशय उरला तर अखेरचा निर्णय सुईने काढलेल्या पेशी अथवा तुकडा पाहूनच करावा लागतो. चित्र ही साक्ष आहे, निकाल नव्हे. मात्र ती सुई कोठे टोचावयाची हे आता चित्रच दाखविते, आणि असंख्य रुग्णांच्या बाबतीत सुईचीही गरज नाही हेही तेच सांगते.

येथवरचा इतिहास यशाचा आहे. परंतु कोणतेही साधन हाती आले म्हणजे ते वापरण्याचा मोहही हाती येतो. दक्षिण कोरियात १९९९ साली कर्करोगाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉईडची तपासणी त्यात नव्हती. परंतु रुग्णालयांनी थोड्या जादा पैशांत गळ्यावरून प्रोब फिरवून देण्याची सोय केली आणि निरोगी माणसे रांगा लावू लागली. २०११ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना तो असल्याचे निदान झाले. मृत्यू मात्र पूर्वीइतकेच, वर्षाला तीनचारशे. म्हणजे रोग वाढला नव्हता, दिसणे वाढले होते. फिनलंडमधील एका शवविच्छेदन-अभ्यासात १९८५ सालीच असे दिसून आले होते की, अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या सुमारे एकतृतीयांश माणसांच्या थायरॉईडमध्ये अशी सूक्ष्म कर्करोगग्रस्त ठिकाणे असतात आणि आयुष्यभर त्यांनी काही उपद्रव केलेला नसतो. कोरियातील बहुतेकांची ग्रंथी काढून टाकण्यात आली. जन्मभर गोळ्या घेणे काहींच्या नशिबी आले, आणि काहींचा आवाजही गेला. २०१४ मध्ये तेथील वैद्यांनीच हा प्रकार उघडपणे मांडला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया तिसऱ्या हिश्शाने घटल्या. कच्ची सूज कापणारा वैद्य सुश्रुताने अज्ञानी म्हटला होता. येथे तोच दोष अधिक दिसल्यामुळे घडला.

आपल्या देशात या यंत्राची कथा निराळ्या वळणाने गेली. गाठ पाहणारे यंत्र गर्भही पाहते, आणि गर्भ मुलीचा आहे हे कळल्यावर पुढे काय घडत आले ते आपण सर्व जाणतो. गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्राची नोंदणी, ते ठेवण्याची जागा, ते वापरणाऱ्याची अर्हता, सर्व काही त्यात बांधून दिलेले आहे. कोठे जिल्हाधिकारी, कोठे जिल्हा शल्यचिकित्सक हे त्या कायद्याचे अंमलदार असतात. हे पान वाचणाऱ्यांपैकी काहींनी स्वतः अशा यंत्रांना परवाने दिले असतील, काहींनी त्यांना टाळेही ठोकले असेल. तो कायदा आवश्यक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्याची अंमलबजावणी करताना हेही ध्यानात असावे की, दूरच्या तालुक्यात जेथे असे एकच यंत्र असते, तेथे त्याच्यापुढे गरोदर स्त्रीप्रमाणेच काखेतील गाठ घेऊन आलेली मजूर स्त्रीही बसलेली असते. यंत्राचा गैरवापर होऊ न देणे आणि त्याचा योग्य वापर अडू न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच सहीत सामावतात.

आणि जेथे यंत्रच नाही तेथे काय? याचे एक उत्तर मुंबईने दिले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात मुंबईच्या वस्त्यांतील १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी अर्ध्या गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ हाताने तपासीत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हाताने तपासलेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंची तशी घट दिसली नाही, हेही अभ्यासकांनी प्रांजळपणे नोंदविले. वाइल्ड आणि डोनाल्ड यांच्या यंत्राने हाताला निवृत्त केलेले नाही, हे या प्रयोगाने पुन्हा दाखवून दिले. गाठ प्रथम सापडते ती बहुधा बोटांनाच. यंत्र पुढचा प्रश्न विचारते.

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतून या प्रश्नाची उपेक्षा विशेष होते. बदलीच्या गावी ओळखीचा वैद्य नसतो, भाषा परकी असते, आणि घरातील बाई ‘सुटीत गावी गेल्यावर पाहू’ असे म्हणून महिने काढते. दुसरीकडे, पैसा आणि सोय हाताशी असलेली माणसे काही होत नसता सर्वांगाची चित्रे काढून घेतात आणि प्रत्येक ठिपक्याने धास्तावतात. हे दोन्ही दोष सुश्रुताला ठाऊक होते. त्या काळी वैद्याला खोल गाठीपुढे भ्रम होई तो साधनाच्या अभावी. आता साधन आहे. पाणी की मांस, हे तासाभरात वेदनेवाचून सांगता येते. तेव्हा न दुखणारी, वाढणारी, दोन-तीन आठवड्यांत न विरणारी गाठ अंगावर काढू नये, आणि वैद्याने ‘ही निरुपद्रवी आहे, हिला हात लावण्याचे कारण नाही’ असे पाहून सांगितले तर तेही तितक्याच विश्वासाने ऐकावे. दीडशे वर्षांच्या खटाटोपाने माणसाने हे दुसरे वाक्य बोलण्याचा अधिकार मिळविला आहे, आणि त्याची किंमत पहिल्याहून कमी नाही.